मेडिकलच्या प्रवेशाची फाईल अकरावीतच उघडा

‘फॉर्म तर आम्ही फेब्रुवारीतच भरला की, मॅडम.’

जुलै महिन्यात हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. बोलणारे बहुतेक वेळा वडील असतात, हातात मुलीचं नीटचं गुणपत्रक असतं, आणि आता कॉलेज कोणतं मिळालं ते सरकारच कळवील असं त्यांना मनापासून वाटत असतं. यात त्यांची काही चूक नाही. घरातलं पहिलंच पोर या वाटेला लागलं असेल तर हे सांगणार कोण? मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशी आणि आनुवंशिकता शिकवता शिकवता मुलांच्या कागदपत्रांचीही काळजी करायला लागले, कारण गुण असूनही कागदावाचून खुल्या गटात ढकललेली किंवा फेरीतून बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. हा लेख आईवडिलांसाठी आहे. अभ्यास पोराचा, पण फाईल घराची. ते ओझं अठरा वर्षांच्या मुलावर टाकू नका.

आधी मुळातला घोळ सोडवू. नीट ही फक्त परीक्षा आहे. ती राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए घेते. ७२० गुण, २०२५ पासून १८० प्रश्न आणि तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. एनटीए गुण आणि देशातला क्रमांक देते आणि तिचं काम तिथे संपतं. प्रवेश देणारे वेगळे, त्यांचे फॉर्म वेगळे, त्यांची फी वेगळी. बारावीचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, पण ते पात्रतेला लागतात: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के. नीटच्या नादात बारावीची प्रात्यक्षिकं सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा मात्र आता नाही.

प्रवेशाचे दरवाजे मुख्यतः दोन. पहिला दिल्लीचा. केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, जिला सगळे एमसीसी म्हणतात, देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा भरते. एम्स, पाँडिचेरीचं जिपमर आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठंही तिच्याकडेच. कराड, सावंगी, लोणी इथली मोठी मेडिकल कॉलेजं महाराष्ट्रात असली तरी अभिमत आहेत. म्हणून ती राज्याच्या यादीत शोधून सापडत नाहीत, आणि त्यांना राज्याचं आरक्षणही लागू नाही. दुसरा दरवाजा मुंबईचा. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांच्या जागा भरतो. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी हेही त्याच नोंदणीतून. दोन्हीकडे नाव नोंदवता येतं आणि नोंदवावंच.

पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजचं, थोडं निराळं. त्याची नोंद एमसीसीच्या संकेतस्थळावर करायची असते, पण निवड त्यांची ते स्वतः करतात. बोलावणं आलं तर वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. ‘नंतर बघू’ म्हणून तो पर्याय निवडायचा राहिला तर मग काही करता येत नाही.

आता ८५ टक्क्यांत कोण बसतं? इथे एक अट आहे आणि ती पोराच्या दहावीपासूनच लागू होते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी आणि महाराष्ट्राचा अधिवास असावा. सैन्यातल्या, केंद्र सरकारच्या किंवा राज्य सरकारच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, सीमाभागातल्या मराठी मुलांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ते शब्दशः वाचा. पण साध्या घरातल्या मुलाने कोचिंगसाठी अकरावी-बारावीचं नाव हैदराबादला किंवा राजस्थानात घातलं, तर तो आपल्याच जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजच्या ८५ टक्क्यांना मुकू शकतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडची मुलं जवळ पडतं म्हणून गोव्यात बारावीला जातात, त्यांच्या आईवडिलांनी तर हा नियम प्रवेश घेण्याआधीच पाहावा. कोटाला किंवा लातूरला शिकायला पाठवणं वेगळं आणि बारावीची नोंद कुठल्या राज्यात आहे ते वेगळं.

जुन्या लोकांच्या मनात अजून ‘७०-३०’ असतं. आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के आणि बाकी राज्याला ३० टक्के, अशी पद्धत होती खरी. मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून इथली मुलं त्यात मागे राहत. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. आता सगळं राज्य एकच यादी. परभणीच्या मुलीला परळच्या केईएमचा दरवाजा तितकाच उघडा आहे.

वेळेचं बोलू, कारण सगळं अडतं ते इथेच.

नीट साधारण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते: २०२३ मध्ये ७ मे, २०२४ मध्ये ५ मे, २०२५ मध्ये ४ मे. तिचा फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. २०२५ मध्ये निकाल १४ जूनला लागला आणि दिल्लीच्या पहिल्या फेरीची नोंदणी २१ जुलैला सुरू झाली. २०२४ मध्ये निकाल ४ जूनलाच लागला, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोंदणी ऑगस्टच्या मध्यावर गेली. करोनाच्या दोन वर्षांत तर परीक्षाच सप्टेंबरात झाली. म्हणजे तारखा पुढेमागे होतात. मात्र एकदा राज्याची नोंदणी उघडली की अर्ज, फी आणि कागद अपलोड करायला हातात आठवडाभर, फार तर दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत दाखला ‘काढायचा’ नसतो. तो घरात असायला हवा.

कागदांचे दोन गट करा. काही कागद जितके लवकर काढाल तितकं बरं, आणि काही कागद फार लवकर काढले तर कामाचे राहत नाहीत. हे एवढं डोक्यात बसलं तर निम्मा घोळ मिटतो.

लवकरच्या गटात पहिला अधिवास दाखला. त्यावर ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ असं तिन्हीचं एकत्र असतं. तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करायचा. बऱ्याच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात: शाळेचे दाखले, रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टी. एकदा काढला की त्याची मुदत संपत नाही. मग बारावीच्या निकालानंतर, सगळा तालुका सेतूसमोर उभा असताना, आपण तिथे कशाला उभं राहायचं? अकरावीच्या दिवाळीत काढून ठेवा.

दुसरा, आणि सगळ्यात जड, जात वैधता. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे आधी लक्षात घ्या. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे हे समिती तपासते आणि मगच वैधता देते. राज्याच्या राखीव जागेवर प्रवेश हवा तर वैधता लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अकरावीत असतानाच अर्ज करता येतो. त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं नमुना १५-अ पत्र लागतं, सोबत नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं, वंशावळ आणि पुरावे. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते आणि तिथे चौकशी अधिक खोल होते, म्हणून त्यांनी तर दहावीच्या सुट्टीतच पुरावे गोळा करायला लागावं.

पुरावा म्हणजे काय, तर ठरावीक तारखेच्या आधीची जातीची लेखी नोंद. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मुलाचा जन्म २००८ चा, आणि कागद हवा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला प्रवेश-निर्गम उतारा चालतो. नसतील गेले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल शोधायची. जुनी नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून तिचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणाला वैधता मिळालेली असेल तर आधी त्यांच्या घरी जा. त्यांची प्रत सगळ्या जुन्या कागदांहून मोलाची आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीसोबत मी तिच्या आजोबांच्या गावी गेले होते. जिल्हा परिषदेची शाळा, चार खोल्या. मुख्याध्यापकांनी कपाटावरची लोखंडी पेटी खाली घेतली, किल्ली सापडेना म्हणून शिपाईमामांना घरी पाठवलं. रजिस्टर निघालं ते कापडात बांधलेलं, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. सर बोट ठेवत ठेवत १९५८ पर्यंत आले. नोंद होती. जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. पण नाव लिहिलं होतं ‘ग्यानबा’, आणि आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं नाव. पोरीच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचे वडील ‘ज्ञानोबा’ होते. ती माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही कागद हातात धरून.

हे अडलेलं काम सुटलं ते तलाठ्याकडच्या वारस फेरफाराने. पणजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली होती आणि त्या फेरफारात ‘ग्यानबा उर्फ ज्ञानोबा’ असं साफ लिहिलेलं होतं. तो उतारा, एक शपथपत्र आणि रजिस्टरची सहीशिक्क्याची नक्कल, असं सगळं समितीपुढे गेलं. मध्ये एक त्रुटीचं पत्र आलं, त्याला उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये केलेल्या अर्जाची वैधता पुढच्या उन्हाळ्यात हातात आली. ती तेव्हा अजून अकरावीतून बारावीत जात होती. हाच शोध तिने नीटच्या निकालानंतर सुरू केला असता तर त्या वर्षीच्या फेऱ्या उरकून गेल्या असत्या.

वैधता नसली तर अर्जाच्या ‘पावतीवर’ प्रवेश आणि पुढे काही महिन्यांची मुदत, अशी सवलत सरकारने काही वर्षी काही गटांना दिली आहे. तिच्यावर विसंबून राहू नका. मुदतीत वैधता आली नाही तर मिळालेला प्रवेशही जातो, आणि तोवर पोर शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेला बसलेलं असतं.

आता उशिराचे कागद. इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) या गटांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचा पुरावा, लागतं. ते ३१ मार्चला संपतं. आत्ताच्या शैक्षणिक वर्षात चालायचं तर त्यावर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चची वैधता छापलेली हवी. जानेवारीत हौसेने एका वर्षाचं काढून ठेवलं, तर नीटच्या आधीच ते रद्दी होतं. तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढलेलं असेल तर ते पुढेही चालू शकतं, म्हणून आधी त्यावरची तारीख वाचा. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाच्या, दाखल्याचंही तसंच, तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. उत्पन्नाचा दाखलाही नव्या वर्षाचाच हवा. ही तिन्ही कामं १ एप्रिलनंतर लगेच करायची. पोर तेव्हा नीटच्या उजळणीत बुडालेलं असतं, म्हणून तहसीलला कुणी जायचं ते मार्चमध्येच घरात ठरवा.

यात एक अडचण अशी की दिल्लीला आणि मुंबईला एकच दाखला चालत नाही. केंद्राच्या फेरीसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा आणि जात केंद्राच्या यादीत असायला हवी. ईडब्ल्यूएसचाही केंद्राचा नमुना निराळा आहे. एसईबीसी हा गट तर फक्त राज्याचा. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने राज्यात १० टक्के मिळाले, पण नीटच्या फॉर्मवर ‘ओबीसी’ म्हणजे केंद्राचे ओबीसी. तिथे एसईबीसीचा विद्यार्थी ओबीसी लिहू शकत नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसला तर केंद्रात ईडब्ल्यूएस, नाहीतर खुला. ज्याच्याकडे कुणबी नोंद आहे त्याची गोष्ट वेगळी. नीटच्या फॉर्मवरचा गट एक आणि राज्याच्या फॉर्मवरचा दुसरा, हे बिनदिक्कत चालतं, घाबरू नका. मात्र दोन्ही ठिकाणी आपल्याकडे ज्याचा कागद आहे तेच लिहा.

नावाचं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे ते सगळ्यांनाच भोवतं. एसएससी बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आधी नाव. कुठे वडिलांचं नाव दत्तात्रय, कुठे दत्तात्रेय. दहावीचं प्रमाणपत्र हा घरचा पाया समजा आणि आधार, बँक खातं, जातीचा दाखला, अधिवास सगळं त्याला जुळवून घ्या. उलटं करायला गेलात, म्हणजे आधारसाठी दहावीचं बदलायला, तर शाळा आणि बोर्डाच्या चकरा संपत नाहीत. शब्दांची मागेपुढे जागा सहसा अडत नाही. स्पेलिंग आणि जन्मतारीख मात्र अक्षराला अक्षर जुळायला हवी.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. एका मुलाच्या फॉर्मवर कॅफेवाल्याचा नंबर होता. कॅफेवाल्याने सिम बदललं आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी कुठे जातोय ते दोन दिवस कुणालाच कळेना. पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. कसंबसं जमलं, पण त्या दोन रात्री ते घर जेवलं नाही. फोटोही एकदाच नीट काढा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आणि त्याच फोटोच्या दोन-तीन डझन प्रती करून पाकिटात ठेवा. परीक्षेच्या दिवशी, प्रवेशाच्या दिवशी, होस्टेलला, शिष्यवृत्तीला तोच फोटो लागतो. परीक्षा झाल्यावर नीटचं प्रवेशपत्र फेकू नका, तेही कागदांच्या यादीत असतं.

निकाल ते नोंदणी या मधल्या आठवड्यांत बारावीची टीसी कॉलेजातून घ्या, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र पुस्तिकेतल्या नमुन्यावर नोंदणीकृत डॉक्टरांकडून घ्या, आणि एक वर्ष गॅप घेतला असेल तर त्याचं शपथपत्र करा. रिपीटर मुलांनी इथे जपावं. गेल्या वर्षी बीएस्सीला किंवा इंजिनिअरिंगला नाव घातलं असेल तर मूळ टीसी त्या कॉलेजच्या कपाटात असते. मेडिकलची जागा लागल्यावर प्रवेशाला चार-पाच दिवस असतात आणि ते कॉलेज आधी सगळी फी भरा म्हणतं. अर्ज करून मूळ कागद आधीच सोडवून आणा, किंवा नाव घालतानाच कागद परत कधी आणि कशावर मिळतील ते लेखी विचारा.

मग पसंतीक्रम. यावर गावोगावी इतका चुकीचा सल्ला दिला जातो की मी वर्गात फळ्यावर उदाहरण काढून दाखवते. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमचा क्रम आला की तुमची पहिली पसंती बघतो. तुमच्या गटाची जागा उरली असेल तर ती तुमची. नसेल तर दुसरी, मग तिसरी. समजा एका मुलीने पहिलं केईएम लिहिलं, दुसरं पुण्याचं बी. जे., तिसरं मिरज, चौथं सोलापूर. केईएम आणि बी. जे. तिच्या आधीच भरलं. मग तिला मिरज मिळेल, आणि ती मिरजेला पहिल्या क्रमांकावर लिहून आली असती तरीही मिरजच मिळालं असतं. वर मोठं नाव लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. ‘आपल्याला कुठलं मिळायला केईएम’ म्हणून ते खाली किंवा यादीबाहेर ठेवणं, यात मात्र खरं नुकसान आहे. जे मिळालं तर आनंदाने जाल ते वर, त्याहून कमी ते खाली, आणि जिथे जायचंच नाही ते लिहायचंच नाही. गेल्या वर्षीचे कट-ऑफ एवढ्याचसाठी बघा की यादी किती लांब करायची ते कळावं.

यादी करताना नव्या सरकारी कॉलेजांकडे नाक मुरडू नका. २०२४ मध्ये वाशीम, भंडारा, गडचिरोली, हिंगोली, जालना, बुलढाणा, अमरावती अशी दहा नवी कॉलेजं एकदम सुरू झाली. इमारती, शिक्षक, वसतिगृहं घडायला वेळ लागतो हे खरं, आणि १८४५ च्या ग्रँट मेडिकलशी त्यांची तुलना होणार नाही. पण सरकारी फीमध्ये एमबीबीएस आणि समोर खऱ्या रुग्णांनी भरलेलं जिल्हा रुग्णालय, हे शेतकऱ्याच्या घराला लाखोंच्या कर्जाहून केव्हाही बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेऱ्यांची गंमत अशी की प्रत्येक फेरीत ‘नाही’ म्हणण्याची किंमत वाढत जाते. दिल्लीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी अनामत सुरक्षित राहते. १५ टक्के कोट्यासाठी अलीकडे खुल्या गटाची अनामत १०,००० आणि राखीव गटांची ५,००० आहे. अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख, आणि तिथे हौसेने नोंदणी करण्याआधी घरात विचार करा. दुसऱ्या फेरीची जागा सोडली तर अनामत जाते. उरलेल्या जागांच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत जागा मिळून गेला नाहीत तर पुढच्या वर्षी परीक्षेलाही बसू देत नाहीत. राज्यात पहिल्या फेरीत मिळालेलं कॉलेज मनासारखं असेल तर तिथे ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म भरायचा, म्हणजे तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता आणि ती जागा पक्की होते. तो भरला नाही तर पुढच्या फेरीत वरची पसंती मिळू शकते, पण मिळाली की जुनी जागा आपोआप रद्द होते. परत यायची सोय नाही. म्हणून दुसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा एकदा उघडा: हातातल्या कॉलेजपेक्षा खरंच जास्त हवीत तेवढीच नावं वर असावीत.

पैशाचंही आताच बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना सामाईक प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठांत ती नाही. खासगी कॉलेजची फी बघून मागे फिरणाऱ्या पोरींच्या बापांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. आणि सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बंध आहे. तो कागद प्रवेशाच्या दिवशीच सही करायचा असतो, तेव्हा वाचून सही करा.

जागा लागली की मूळ कागद घेऊन कॉलेजला जायचं असतं, आणि ते कागद तिथेच जमा होतात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, एक संच पोराच्या मोबाईलवर आणि एक आईच्या. चार-पाच झेरॉक्स संच काढून साक्षांकित करून घ्या. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्याच काही आठवड्यांत उघडतो आणि तो तेच उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले परत मागतो. ‘ग्यानबा उर्फ ज्ञानोबा’वाल्या पोरीच्या बॅगेत असा एक संच होता. तिच्या धाकट्या भावाने यंदा अकरावीत वैधतेचा अर्ज केला. बहिणीचीच प्रत जोडली.